ज्याची पोळी, त्याची टाळी: गाडी घेताना आपल्या बाजूचा माणूस

म्हापशातल्या एका अंगणात, जुनी गाडी तपासायला सोबत नेलेले मेस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि माझ्या धाकट्या बहिणीला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "बाय, ही नको." गाडी पांढरी, चकचकीत, २०१९ ची. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर. मालक बोलायला गोड, चहा झालेला. बहिणीला गाडी मनातून आवडली होती. परतताना तिने मेस्त्रींच्या हातावर १,५०० रुपये ठेवले, तेव्हा बाबा घुश्शातच होते. "गाडी घेतलीच नाही, मग पैसे कसले?"

बाबांचा प्रश्न साधा आहे आणि गोव्यातल्या बहुतेक घरांत तो असाच विचारला जाईल. माझं उत्तर असं: त्या १,५०० रुपयांत आम्ही 'नको' हे उत्तर विकत घेतलं. त्या अख्ख्या व्यवहारात ते उत्तर देऊ शकणारा दुसरा माणूसच नव्हता. मालकाला गाडी खपवायची होती. मध्यस्थाला सौदा झाला तरच कमिशन. कर्ज देणाऱ्याला कर्ज द्यायचं होतं. विम्याच्या माणसाला पॉलिसी काढायची होती. आणि आम्ही घरचे तर रंगावरच भाळलेलो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो, पण गाडीच्या बाजारात ती हिशेबाची रीत आहे. टाळी आपल्यासाठी वाजायला हवी असेल तर पोळीही आपणच वाढली पाहिजे.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमकं हेच जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना मध्यम भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात हळूहळू रद्दी गाड्यांचं प्रमाण वाढत जातं. या विचारासाठी २००१ साली अकरलॉफला आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने त्यातला कामाचा भाग एवढाच की घेणाऱ्याकडे माहिती आली की भीती कमी होते आणि चांगल्या गाडीला योग्य भाव देण्याची हिंमत येते. जाणकार माणूस आपल्याला ती माहिती आणून देतो.

परदेशात हा रीतसर धंदा आहे. तुम्ही ठरावीक फी देता. तो माणूस तुमच्या गरजेची गाडी शोधतो, तपासतो, भाव करतो. कॅलिफोर्नियात अशा ब्रोकरला परवाना लागतो आणि ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा कोणीतरी 'ओळखीचा' करतो, आणि ओळखीखातर म्हणून फुकट करतो. मला या फुकटाची भीती वाटते. २०१४ साली मी स्वतः जुनी गाडी घेतली ती अशाच एका ओळखीच्या माणसाबरोबर जाऊन. तो माझ्याकडून एक रुपयाही घेत नव्हता, उलट माझ्यासाठी भांडत होता असं मला वाटत होतं. गाडी नावावर करायच्या वेळी मूळ मालकाच्या बोलण्यातून सहज निघालं की त्याने या गृहस्थाला आठ हजार दिले होते. ते आठ हजार अर्थातच माझ्या किमतीतूनच गेले होते. माणूस वाईट नव्हता. तो फक्त माझा नव्हता.

म्हणून पहिला मुद्दा फीचा. ती कशी ठरवता यावर तो माणूस कोणाच्या बाजूने विचार करणार हे ठरतं, आणि इथे बरेच शहाणे लोकही चुकतात.

किमतीवर टक्केवारी ठरवली असं समजा. सहा लाखांची गाडी, दोन टक्के, म्हणजे त्याचे १२,००० रुपये. आता त्याने जीव तोडून भाव पन्नास हजारांनी खाली आणला तर त्याचे स्वतःचे १,००० रुपये कमी होतात. तुमच्या फायद्यासाठी त्याने स्वतःचं नुकसान करून घ्यावं अशी ही व्यवस्था आहे. दुसरी पद्धत वाचवलेल्या रकमेतला हिस्सा देण्याची. ऐकायला अगदी न्याय्य वाटते. पण 'वाचवले' म्हणजे कोणत्या आकड्यापासून? मालकाने सात लाख सांगितले, गाडी मुळात सहाचीच होती, सौदा सहाला झाला. वीस टक्क्यांनी त्याचे २०,००० झाले, तुमचं काहीच वाचलं नाही. मालक आणि तो आधीच बोललेले असतील तर सुरुवातीचा आकडा हवा तेवढा फुगवता येतो.

उरते ती ठरावीक रक्कम. दर गाडी तपासण्याचे इतके, भाव करायला बसण्याचे वेगळे इतके, आणि गाडी घेतली न घेतली तरी तपासणीचे पैसे द्यायचेच. आमच्या मेस्त्रींचा दर हाच होता. घेतली तरच पैसे, असं ठरवलं असतं तर म्हापशाच्या गाडीला 'नको' म्हणताना त्यांच्याच पोटावर पाय आला असता. ते प्रामाणिक आहेत, कदाचित तरीही नको म्हणाले असते. पण माणसाच्या प्रामाणिकपणाची रोज परीक्षा घेणारी रीत आपण मुळात ठेवूच नये.

आता त्यांनी त्या गाडीत काय पाहिलं ते सांगते, कारण त्यात गोवा पुरेपूर आहे. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून त्यांनी खालच्या रुळांत बोट फिरवलं. बोटाला वाळू लागली. समुद्राची बारीक वाळू, तीही चारही सीटखाली. घरची माणसं वर्षातून पाच-सहा वेळा दर्यावर जातात, तेवढ्याने चारही रुळ वाळूने भरत नाहीत. क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, दोन्ही बंपरना वेगवेगळ्या उंचीवर ओरखडे. मेस्त्रींच्या मते गाडी पर्यटकांना भाड्याने फिरलेली होती. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची पाटी काळी आणि त्यावर अक्षरं पिवळी असतात, हे गोव्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. पण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही चोरून भाड्याने दिल्या जातात. अशी गाडी पन्नास अनोळखी पायांनी दाबलेल्या क्लचवर चाललेली असते आणि कागदावर मात्र 'एकहाती, घरगुती'.

मग त्यांनी खिशातून रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र काढलं. कारखान्यातला मूळ रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो. दारांवर तसेच आकडे आले. डाव्या पुढच्या पंख्यावर (चाकावरच्या पत्र्यावर, फेंडरवर) आणि त्यालगतच्या खांबावर आकडा सहाशेच्या वर गेला, म्हणजे खाली पुट्टी भरलेली. पंखा बदलणं ही मोठी गोष्ट नाही, रस्त्यावर कोणाचाही घासतो. पण काच ज्यावर टेकते तो खांब गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. तो ठोकून सरळ केलेला असेल तर पुढच्या अपघातात तो माणसाला तसाच वाचवेल याची हमी नाही. वाळूवर भाव कमी करून घेता आला असता. खांबावर घासाघीस नसते, असं मेस्त्री म्हणाले.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांना गंज खालून लागतो. वरून पॉलिश केलेली गाडी खारी हवा खाऊन सायलेन्सरच्या जोडांपाशी, दारांच्या खालच्या कडांना, चाकांच्या कमानीत आतून सडलेली असते. त्यासाठी गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्यावीच लागते. अंगणात वाकून दिसत नाही. खाण पट्ट्यातली, म्हणजे डिचोली, सांगे, केपे भागातली गाडी असेल तर एअर फिल्टरच्या डब्यात आणि बॉनेटच्या सांध्यांत तांबडी धूळ शोधायची. आणि पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ राहून जाते. धुणारे तिथपर्यंत पोचत नाहीत. स्टेपनीखालचा खळगाही बघायचा. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगलीकडे पाणी भरलं, २०२१ च्या जुलैत आपल्याकडेही भरलं. पाणी उतरतं, गाड्या मात्र विकल्या जातात आणि जिथे त्यांची गोष्ट कोणाला माहीत नाही अशा गावात पोचतात.

मीटर मागे फिरवता येतो, टायर फिरवता येत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार किलोमीटर असलेल्या पाच वर्षांच्या गाडीला चारही टायर गेल्या वर्षीचे असतील तर विचारायचं, पहिले टायर एवढ्यात कसे संपले? सोबत कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागायची, कारण तिथे दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. चालवून बघायची ती सपाट रस्त्यावर नको. आमचे मेस्त्री फर्मागुडीच्या चढावर नेतात, अर्ध्यावर थांबवतात आणि पुन्हा उचलतात. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण जाणकाराच्या फीमध्ये ते धरून घ्या. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. कर्ज शिल्लक असेल तर तेवढी रक्कम मालकाच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरायची. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याला १४ दिवस मिळतात. मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी विम्यातली सूट) गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो. त्यामुळे 'विम्यावर पन्नास टक्के बोनस आहे' हे ऐकून किंमत वाढवून देऊ नका. एमएच ०७ म्हणजे सिंधुदुर्ग किंवा केए २२ म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त गोव्यात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आधीच्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. तो धरून मग तुलना करा.

घरातली जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, गाडी त्याने केव्हाच विकलेली असली तरी. फॉर्मवर सही करून मोकळं झालो असं समजू नका. व्यापाऱ्याला गाडी देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद आहे. ते बघायला मागा, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद आरटीओकडे झाली की नाही हेही विचारा.

भाव करताना माणूस स्वतःचा नसेल तर काय होतं हे मी भोगलं आहे. स्वतःचा असेल तर काय होतं ते फोंड्यात बघितलं. बहिणीने शेवटी घेतली ती पाचवी गाडी, एका निवृत्त शिक्षकांची. त्यांनी ५,४०,००० सांगितले होते. मेस्त्रींनी गाडीला नावं ठेवली नाहीत. उलट आधी म्हणाले, "मास्तर, गाडी तुम्ही चांगली ठेवलीत." मग वही उघडली. टायर चारही २०१८ चे, बदलावे लागतील. बॅटरी शेवटाला आली आहे. पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेले आहेत. विमा पुढच्या महिन्यात संपतो. प्रत्येकापुढे खर्चाचा आकडा, आणि बेरीज सदतीस हजार. "हा खर्च बायला पहिल्या महिन्यातच आहे. तुम्हीच सांगा काय करायचं ते."

मास्तर थोडा वेळ गप्प बसले आणि ५,१०,००० म्हणाले. बहीण लगेच हो म्हणणार होती. मेस्त्रींनी तिच्याकडे नुसतं बघितलं, वही मिटली आणि सांगितलं की उद्या कळवतो. दुसऱ्या दिवशी सौदा ५,००,००० ला झाला. त्यात दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसची सगळी बिलं आली, आणि पैसे बँकेतून गेले. इथे चातुर्य फार नव्हतं. त्यांच्याकडे लिहिलेला हिशेब होता आणि त्यांना उठून जाता येत होतं, कारण गाडी त्यांना आवडलेली नव्हती, आपल्याला आवडलेली होती. आवडलेल्या गाडीसमोर आपल्याला उठून जाता येत नाही, आणि समोरच्याला ते चेहऱ्यावर दिसतं.

नवीन गाडीसाठी असा माणूस लागतो का? भाव सगळीकडे सारखा असतो, असं आपण समजतो. एक्स-शोरूम किंमत कंपनीची असते आणि रस्ता कर सरकारचा, तिथे घासाघीसीला फारसा वाव नाही हे खरं. पण ऑन-रोड किमतीच्या कागदावर या दोहोंच्या मध्ये बऱ्याच ओळी असतात. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरचा दर आणून दाखवला की आतला दर खाली येतो. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक या नावाची ओळ दिसली तर ती कशासाठी, हे लेखी मागायचं. अॅक्सेसरीचं पॅकेज घेणं बंधनकारक नसतं. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापून घेतलेला कर) लागतो, तो आपल्या आयकरात वळता करून घेता येतो, पण हे सांगणारा कोणीतरी हवा.

सगळ्यात जास्त पैसे हप्त्याच्या बोलण्यात जातात. "ताई, महिन्याला किती परवडेल?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये. सात वर्षं केली की ९,६५३. महिन्याचे पावणेतीन हजार वाचल्यासारखं वाटतं. पण पाच वर्षांत एकूण ७,४७,३०० भरायचे होते, सात वर्षांत ८,१०,००० च्या वर जातात. सुमारे त्रेसष्ट हजार रुपये जास्त गेले आणि गाडी तीच. आपला माणूस शेजारी असेल तर तो बोलणं हप्त्यावरून उचलून पुन्हा एकूण रकमेवर आणून ठेवतो. ताबा घेण्याआधी चासी नंबरावरून गाडी कोणत्या महिन्यात बनली हेही तोच तपासतो, विशेषतः दसऱ्या-पाडव्याच्या घाईत आणि नवं वर्ष लागल्यावर. जानेवारीत मिळालेली 'नवी' गाडी आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली असू शकते, आणि विकताना वर्ष तेच मोजलं जातं.

या माणसाशी काय ठरलं ते कागदावर घ्या, अर्धं पान पुरे. कोणतं काम, किती पैसे, केव्हा द्यायचे, आणि एक वाक्य नक्की: 'विकणाऱ्याकडून, शोरूमकडून, बँकेकडून किंवा विमा कंपनीकडून मी काही घेणार नाही.' १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटची जबाबदारी आधीपासून लिहिलेली आहे. एजंटने नेमणाऱ्याला अंधारात ठेवून त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला तर त्या फायद्यावर नेमणाऱ्याला हक्क सांगता येतो, हे त्यातलं कलम २१६. पण म्हापशाच्या किंवा मडगावच्या गॅरेजमध्ये कोणी कलम दाखवत बसत नाही. ते वाक्य लिहायला सांगितल्यावर समोरचा कसा वागतो, त्यावरूनच बरंच कळतं. मी दोघांना हे सांगितलं होतं. एकाने म्हटलं, "आमच्यात असं लिहून घेतात?" दुसऱ्याने पेन मागितलं.

असा माणूस शोधायला जाल तेव्हा तुम्हाला गाड्या दाखवणारा नको, गाड्या विकत नसणारा शोधा. कंपनीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेस्त्री प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि ज्याचं गॅरेज आहे पण जुन्या गाड्यांचा धंदा नाही असे लोकही आहेत. त्यांना अनुभव किती वर्षांचा हे विचारून फार कळत नाही. मी विचारते, "गेल्या सहा महिन्यांत कोणत्या गाड्यांना नको म्हणालात, आणि का?" ज्याला एकही आठवत नाही, तो आपल्या कामाचा नाही. आमच्या मेस्त्रींनी या प्रश्नावर वही पुढे केली होती. पानागणिक नंबर, तारीख, आणि शेजारी दोन-तीन शब्द: पाण्यातली, खांब ठोकलेला, कागद दुसऱ्याचे. काही पानांवर पूर्ण एक ओळ. गेल्या आठवड्यात बाबांनी त्यांच्या मित्रासाठी त्या वहीच्या मालकाचा फोन नंबर माझ्याकडून मागून घेतला, आणि मित्राला फोनवर सांगितलं, "गाडी घे नाहीतर नको घेऊ, पण त्यांचे पैसे आधी दे."